अंग बारमाही हवं

‘जोर-बैठकांनी दम वाढतो, अंग भरत नाही.’ व्यायामाला नव्याने लागलेल्या मुलाला हे वाक्य पहिल्याच आठवड्यात ऐकवलं जातं. पाठोपाठ दुसरं येतं: आधी भूक असो-नसो खात राहा, वजन वाढव, मग तीन-चार महिने कोरडं खाऊन चरबी उतरव. या दोन्हींच्या मुळाशी एक तिसरं गृहीत असतं. बाराही महिने सडसडीत आणि पिळदार राहणं नोकरीधंदा करणाऱ्या सामान्य माणसाच्या हातातलं नाही. ते जन्मजात देणगी असलेल्यांचं, नाहीतर औषधं टोचून घेणाऱ्यांचं काम. ही विधानं इतक्या खात्रीने केली जातात की ती तपासून पाहावीत असं कुणाला वाटत नाही. मला ती तिन्ही चुकीची वाटतात, आणि त्यांच्यापायी लाखो माणसं व्यायामाच्या उंबरठ्यावरूनच परत फिरतात याचं वाईट वाटतं. माझं म्हणणं असं: स्वतःच्या देहाचाच भार वापरणारा, हळूहळू अवघड होत जाणारा आणि वर्षभर न तुटणारा व्यायाम बहुतेक माणसांना सडसडीत, पिळदार शरीर द्यायला आणि ते टिकवायला पुरेसा आहे. यातली ‘अवघड होत जाणारा’ आणि ‘न तुटणारा’ ही दोन विशेषणं काढून टाकली तर माझं विधानही खोटं ठरतं. म्हणून जोर-बैठकांच्या विरोधकांइतकंच त्यांच्या भाबड्या समर्थकांशीही इथे भांडावं लागणार आहे.

हा वाद आजचा नाही. जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू युजेन सँडो १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन प्रयोग करून गेला, त्याआधीच त्याची पद्धत आणि साधनं इथल्या हौशी माणसांपर्यंत पोचली होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे त्यांतलेच एक. त्यांनी बराच काळ सँडोच्या पद्धतीने मेहनत केली आणि पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार नेले, त्यावर पुस्तक लिहिलं, आणि १९३८ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनपर्यंत गेलं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामांची प्रात्यक्षिकं करून आलं. बडोद्यात आबासाहेब मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. साधनं हवीत की देहच साधन, याचा विचार मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वी पुरेशा गांभीर्याने केला होता. तेव्हा त्याच्याकडे परंपरा होती, अनुभव होता. मोजमाप फारसं नव्हतं. आज मोजमाप हाताशी आहे, तर या प्रश्नाचा निकाल भावनेवर किंवा अभिमानावर सोडण्याचं कारण नाही.

मोजमापाची सुरुवात साध्या जोरापासून करू. हात जमिनीवर, देह फळीसारखा ताठ, अशा सरळ जोरात हातांवर देहाच्या वजनाचा किती वाटा येतो, हे बलमापक फळीवर मोजलेलं आहे: सुमारे ६४ टक्के. म्हणजे सत्तर किलोचा माणूस प्रत्येक जोरात जवळपास ४५ किलो ढकलतो. गुडघे टेकले की हा वाटा ४९ टक्क्यांवर येतो, हात दोन फूट उंच ओट्यावर ठेवले की ४१ टक्क्यांवर. उलट पाय तितक्याच उंचीवर ठेवले की तो ७४ टक्क्यांवर जातो. त्याच माणसाच्या हिशेबात हा पल्ला साधारण २९ किलोपासून ५२ किलोपर्यंतचा आहे, आणि त्यासाठी लागलेलं साधन म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा, जमीन आणि एक खुर्ची. ‘देहाच्या भाराला वजन वाढवता येत नाही’ हा आक्षेप इथेच ढिला पडतो. लोखंडाच्या दांड्याला दोन्हीकडे चकत्या लावून जे साधतात तेच इथे कोन, उंची आणि टेकू बदलून साधतं. आपला तालमीतला जोर तर याहून गुंतागुंतीचा. कंबर उंच, मग छाती जमिनीला घासत नेल्यासारखी पुढे, शेवटी कंबर खाली आणि मान वर. एकाच हालचालीत खांदा, छाती, दंडामागचा स्नायू आणि पाठीचा कणा वेगवेगळ्या कोनांतून भार घेतात.

पण ढकललेलं वजन आणि वाढलेला स्नायू यांच्यामध्ये एक पायरी आहे, आणि खरा गैरसमज तिथे आहे. स्नायूला किलो समजत नाहीत, त्याला ताण समजतो. ओझं हलकं असताना शरीर स्नायूतले थोडेच तंतू कामाला लावतं. ते दमत गेले की राखून ठेवलेले मोठे, ताकदीचे तंतू पुढे येतात. जोर मारताना शेवटचे दोन-तीन आपोआप मंदावतात, कोपर सरळ होता होत नाही, तेव्हा नेमकं हेच घडत असतं. वाढ होते ती या मंदावलेल्या, झगडून काढलेल्या जोरांमुळे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ मध्ये तरुणांच्या मांड्यांवर झालेल्या प्रयोगात कमाल ताकदीच्या ३० टक्के ओझं आणि ८० टक्के ओझं यांची तुलना केली होती. दोन्ही ओझी अगदी थकेपर्यंत उचलली गेली आणि दहा आठवड्यांनी स्नायूंची वाढ सारखीच निघाली. २०१७ मध्ये अशा अनेक प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण झालं, त्याचाही निष्कर्ष तोच. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी जोर आणि आडवं पडून दांडा ढकलण्याचा व्यायाम समोरासमोर ठेवला. आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा. छाती आणि दंडामागच्या स्नायूंची जाडी दोन्ही गटांत जवळपास सारखी वाढली.

इथे जाणकार वाचक अडवील, आणि त्याने अडवावंच. जपानी प्रयोगात दांडा ढकलणाऱ्यांना मुद्दाम हलकं, कमाल ताकदीच्या ४० टक्के ओझं दिलं होतं. ही तुलना बरोबरीची कशी? प्रश्न रास्त आहे. तो एकटा प्रयोग पुरावा म्हणून पुरत नाही. पण हलकं आणि जड ओझं यांची थेट तुलना करणारे इतर प्रयोग त्याच्या शेजारी ठेवले की साखळी जुळते: जोराइतकंच काम हलक्या ओझ्याने होतं आणि थकेपर्यंत केलं तर हलक्या ओझ्याइतकंच स्नायू वाढवण्याचं काम जड ओझ्याने होतं. २०१७ च्या त्या एकत्रित विश्लेषणातली एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी. एकदाच, जास्तीत जास्त किती वजन उचलता येतं, ही ताकद जड ओझ्यानेच जास्त वाढते. ज्याला वजन उचलण्याच्या स्पर्धेत उतरायचं आहे त्याने जोरांवर विसंबू नये. ज्याला मंचावर उभं राहून स्नायूंचं माप द्यायचं आहे त्यानेही. पण शहरातल्या शंभर माणसांपैकी अशी किती? उरलेल्यांना स्पर्धकाची साधनं, स्पर्धकाचा आहार आणि स्पर्धकाचं वेळापत्रक सांगणं म्हणजे घरापुढे चार झाडं लावणाऱ्याला ट्रॅक्टर घ्यायला सांगणं.

आता समर्थकांकडे वळतो. गामा पहिलवान रोज पाच हजार बैठका आणि तीन हजार जोर काढत असे, समर्थ रामदास रोज बाराशे नमस्कार घालत, अशा कथा आपल्याकडे आदराने सांगितल्या जातात. त्या आदराबद्दल माझी तक्रार नाही, तक्रार आहे ती त्यांतून काढलेल्या धड्याबद्दल. व्यायाम म्हणजे आकडा, आणि प्रगती म्हणजे आकडा वाढवणं, असं आपण शिकलो. ज्याला सलग शंभर जोर सहज जमतात त्याने दीडशे मारले तर त्याचा दम वाढेल, मनाचा निग्रह वाढेल, छाती मात्र फारशी वाढणार नाही. सोप्या झालेल्या हालचालीत तो ताणच उरलेला नसतो. ‘जोर-बैठकांनी अंग भरत नाही’ हे वाक्य अशा माणसांकडे बघूनच रूढ झालं आहे आणि त्यांच्यापुरतं ते खरंही आहे. नमस्कारांचंही तेच. शंभर नमस्कार हा उत्तम नित्यक्रम आहे, पण वर्षानुवर्षं तोच क्रम, त्याच गतीने केला तर शरीर त्याला सरावतं आणि थांबतं. उपाय सोपा आहे. बारा-पंधरा जोर जिथे जिवावर येतील अशी अवस्था शोधायची: खाली जाताना मनात तीन मोजायचे, तळाशी क्षणभर थांबायचं, पाय पाटावर, मग खुर्चीवर, पुढे एका हातावर अधिक भार, आणखी पुढे भिंतीला पाय टेकून उभा जोर. दर पायरीवर आकडा कमी होतो आणि मेहनत वाढते. वहीत जोरांचा आकडा लिहायची सवय असेल तर त्याच्या शेजारी कोणत्या पायरीचा जोर, हेही लिहावं. ती दुसरी नोंदच स्नायूंचा इतिहास सांगते.

दुसरा आक्षेप पाठीचा आणि पायांचा. जोरात ढकलणं आहे, ओढणं नाही. मग पाठ आणि दंडाचा पुढचा स्नायू कसा तयार होणार? आक्षेप बिनतोड आहे, पण तो अपुऱ्या देहव्यायामावरचा आहे, सगळ्या देहव्यायामावरचा नाही. ओढण्याचं उत्तर महाराष्ट्राकडे केव्हाचं आहे. बाळंभटदादा देवधरांनी पेशवाईच्या अखेरच्या काळात नव्याने उभा केलेला मल्लखांब हा मुळात ओढण्याचा, चढण्याचा, आवळण्याचा व्यायाम. सागाचा किंवा शिसवाचा गुळगुळीत खांब, त्याला चोळलेलं एरंडेल, आणि त्यावर केवळ हाताच्या विळख्यावर आणि मांड्यांच्या पकडीवर तोललेला देह. मनगटापासून कुल्ल्यापर्यंत एकही स्नायू तिथे रिकामा बसत नाही. यावर कुणी म्हणेल की मल्लखांबपटू पिळदार दिसतात कारण हलक्या, चिवट अंगाची मुलंच त्यात टिकतात. त्यात तथ्य आहे, म्हणून मल्लखांबपटूंच्या दिसण्याला मी पुरावा मानत नाही. पुरावा वरच्या प्रयोगांचा. मल्लखांब एवढंच दाखवतो की ओढण्याचा भार देहातूनच निर्माण करता येतो. ज्याला खांब मिळणार नाही त्याला बागेतल्या खुल्या व्यायामशाळेची आडवी दांडी पुरते. सुरुवातीला दांडी कमरेच्या उंचीची घ्यावी, तिच्याखाली पाय पुढे सोडून तिरकं लटकावं आणि छाती दांडीकडे खेचावी. ते सोपं झालं की उंच दांडीला पूर्ण लटकून. पायांसाठी दोन पायांवरच्या बैठका लवकर सोप्या होतात हे खरं. मग मागचा पाय खुर्चीवर ठेवून एका पायावर बैठक, पुढे आधाराने पूर्ण एका पायाची बैठक. मांडीच्या मागच्या बाजूसाठी गुडघ्यांवर उभं राहून, कुणाला तरी घोटे धरायला लावून, धड ताठ ठेवत हळूहळू पुढे झुकायचं. भल्याभल्यांना ही हालचाल पूर्ण करता येत नाही. एवढ्यानेही ज्याचं समाधान होत नाही त्याने खांद्यावर धान्याचं पोतं घ्यावं. देहव्यायाम हा काही सोवळ्याचा नियम नाही.

आता त्या दुसऱ्या सल्ल्याचा हिशेब: आधी फुगा, मग कापा. नॉर्वेतल्या वरच्या दर्जाच्या खेळाडूंवरच्या २०१३ च्या अभ्यासात एका गटाला मुद्दाम गरजेपेक्षा बरंच जास्त खायला दिलं, दुसऱ्याने भुकेप्रमाणे खाल्लं, आणि व्यायाम दोघांचाही वजनाचाच. जास्त खाणाऱ्यांची चरबी १५ टक्क्यांनी वाढली, दुसऱ्यांची ३ टक्क्यांनी. स्नायूंच्या वाढीत मात्र ठामपणे सांगता येईल असा फरक निघाला नाही. जास्तीच्या अन्नातून मुख्यतः चरबीच आली, जी नंतर उपाशी राहून उतरवायची. दुसऱ्या टोकाला काय होतं तेही मोजलेलं आहे. औषधं न घेणाऱ्या एका शरीरसौष्ठव स्पर्धकाचा वर्षभर मागोवा घेतला गेला. सहा महिन्यांत त्याची चरबी १४.८ टक्क्यांवरून ४.५ टक्क्यांवर आली, आणि त्याच काळात टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक चौथ्या हिश्शावर घसरलं. ते सावरायला स्पर्धेनंतर कित्येक महिने गेले. मंचावरचं ते शरीर वर्षभर टिकत नाही हे विरोधकांचं म्हणणं म्हणूनच खरं आहे, फक्त त्यांचा निष्कर्ष खोटा आहे. ‘बारमाही सडसडीत’ म्हणजे मंचावरचं शरीर नव्हे. पुरुषात साधारण बारा ते सतरा टक्के, बाईत वीस ते पंचवीस टक्के चरबी, पोट सपाट, खांदे-पाठ-मांड्यांना उठाव, आणि पोटभर जेवून शांत झोप. विरोधक आधी ध्येय अशक्य उंचीवर नेऊन ठेवतात आणि मग ते गाठता येत नाही म्हणून व्यायाम करणाऱ्यालाच दोष देतात.

हा दिसण्याचा प्रश्न आहे असं वाटत असेल तर पुण्यातला एक पुरावा पाहावा. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी एकच, २२.३, म्हणजे कुठल्याही तक्त्यात निरोगी. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. आपल्याकडचा बारीक दिसणारा माणूस आतून चरबीचा आणि स्नायूंनी दरिद्री असू शकतो, हे एवढ्या थेटपणे क्वचितच कुणी दाखवलं असेल. याज्ञिकांच्या संशोधनात तर पुणे परिसरातल्या नवजात बाळांतही हाच कल दिसला: वजन इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी कमी, पण चरबी त्या मानाने राखलेली. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलण्याचा मोठा भार स्नायूंवर असतो. स्नायूंचा साठाच लहान असेल तर साखरेला जायला जागा कुठे? देशात १० कोटींवर मधुमेही असल्याचा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीचा अंदाज २०२३ मध्ये आला. अशा देशात ‘आधी वजन वाढवा’ हा सल्ला सरसकट देणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. आपल्याला स्नायू हवा आहे आणि पोटावरची चरबी नको आहे, दोन्ही एकाच वेळी आणि कायमचं. व्यायामाला नव्याने लागलेल्या माणसात हे दोन्ही एकत्र घडूही शकतं. त्याला आधी फुगण्याची गरजच नाही.

‘वर्षभर’ या शब्दाने लोक दचकतात. रोज दोन तास, सणवार बंद, जन्मभर कडकलक्ष्मीचे फटके, असं चित्र डोळ्यापुढे येतं. पुरावा याच्या उलट आहे. २०११ च्या एका अमेरिकी प्रयोगात सोळा आठवडे आठवड्यातून तीनदा व्यायाम करवून मग बत्तीस आठवडे काहींचं प्रमाण एक तृतीयांशावर आणि काहींचं तर एक नवमांशावर आणलं. तरुणांचे स्नायू एवढ्याशा व्यायामावरही टिकले. साठीच्या पुढच्यांची ताकद टिकली, स्नायूंचा आकार मात्र घटला. म्हणजे वय वाढतं तशी टिकवण्याची किंमतही वाढते. यातून निघणारा अर्थ माझ्या साऱ्या युक्तिवादाचा कणा आहे: शरीर कमावणं महाग आहे, राखणं स्वस्त आहे, आणि गमावलं की पुन्हा कमवायला लागतं. जानेवारीत फी भरणारा, मार्चमध्ये थांबणारा आणि गणपतीनंतर पुन्हा सुरू करणारा माणूस दरवर्षी तोच पहिला, दुखरा महिना भोगतो. त्याऐवजी आठवड्यातून तीन-चारदा पंचवीस मिनिटं, आणि लग्नसराईत, परीक्षेत, शेतीच्या घाईत, परगावी असताना निदान दोनदा दहा मिनिटं. देहव्यायामाचा खरा विजय इथे आहे. स्नायू वाढवण्यात तो लोखंडाची बरोबरी करतो, पण न तुटण्यात त्याच्यावर मात करतो. पावसाने रस्ते बंद झाले, पगार लांबला, बदली झाली, रात्रपाळी लागली, तरी सहा फूट जमीन कुठेही मिळते.

यावर महाराष्ट्रातल्या गावागावांत हाताशी असलेला आक्षेप म्हणजे सुटलेला पैलवान. जन्मभर जोर-बैठका काढलेला माणूस चाळिशीत ढेरपोट्या होतो. मग कुठे गेला तुमचा देहव्यायाम? नीट पाहिलं तर हा दाखला माझ्याच बाजूचा आहे. कुस्ती सुटते तेव्हा मेहनत एका दिवसात थांबते, खुराक मात्र थांबत नाही. तूप, बदाम, थंडाई, दूध हे रोज चार-पाच तास घाम गाळणाऱ्या अंगासाठी होतं. मेहनत गेल्यावर तेच अन्न पोटावर बसतं. शिवाय त्याची मेहनत आखाड्याशी, उस्तादाशी, जोडीदाराशी बांधलेली होती. घरी एकट्याने करायची छोटी मेहनत त्याला कुणी शिकवलीच नाही. दोष जोरांचा नाही, हंगामी वृत्तीचा आहे. तालीम वीस वर्षं चालली तरी ती एक दीर्घ हंगामच ठरली.

खुराकाचा विषय निघालाच आहे तर चरबीबद्दल स्पष्ट बोलू. किलोभर चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. पंचवीस मिनिटांच्या जोर-बैठकांत दीडशेच्या आसपास खर्च होतात, आणि मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम शेंगदाण्यांत त्या परत येतात. व्यायामाने चरबी ‘जळते’ हे सांगणं अर्धसत्य आहे. चरबी ताटात ठरते, आणि उतरलेलं वजन चरबीचं असेल की स्नायूंचं, हे व्यायामाने ठरतं. मग शाकाहारी मराठी ताटात स्नायूंना लागणारी प्रथिनं आहेत का? आयसीएमआरची २०२० ची शिफारस दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅमची आहे. व्यायाम करणाऱ्यांना १.६ ग्रॅमपर्यंत फायदा होतो, त्यापुढे फारसा नाही, असं अनेक प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसलं. पासष्ट किलोच्या माणसाचा हिशेब मांडू. चार ज्वारीच्या भाकऱ्या, म्हणजे दोनशे ग्रॅम पीठ: वीस ग्रॅम. वरण आणि मटकीची उसळ मिळून शंभर ग्रॅम कोरडं धान्य: बावीस. अर्धा लिटर दूध-दही: सोळा. पन्नास ग्रॅम सोया वड्या: सव्वीस. तेच मूठभर शेंगदाणे: सात. बेरीज एक्याण्णव, म्हणजे किलोमागे १.४ ग्रॅम. दोन अंडी खाणाऱ्याची बेरीज १.६ ला टेकते. डब्यातल्या पावडरीला माझा विरोध नाही, पण तिच्याशिवाय अंग होत नाही हे खोटं आहे. अडचण आहे ती आपण भाकरीवर आणि भातावर पोट भरतो आणि वरण-उसळीला तोंडी लावतो त्यात. ताटातली ही अदलाबदल रोज टिकली तर दिवाळीचे चार दिवस चकली-करंजी खाऊन काही बिघडत नाही. बिघडतं ते दिवाळीचा डबा कार्तिकभर पुरवला की.

शेवटचे दोन आक्षेप बायकांच्या आणि एकटेपणाच्या नावाने येतात. बाईने मेहनत केली तर अंग राठ होतं, हा समज शरीरशास्त्रात बसत नाही. बाईच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या मानाने फार थोडं असतं, म्हणून तिला ताकद आणि बांधा मिळतो, पुरुषी फुगवटा नाही. उलट चाळिशीनंतर स्नायू आणि हाडं दोन्ही झिजायला लागतात तेव्हा तिला याची गरज अधिक, आणि घरातून तासभर बाहेर पडणं जिला जड जातं तिला ओट्यावर हात टेकून सुरू होणारा व्यायामच आधी परवडतो. दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. घरी एकट्याने केलेला व्यायाम टिकत नाही. व्यायामशाळेत निदान चार माणसं भेटतात, फी भरल्याची टोचणी असते. हे मला मान्य आहे. देहव्यायामाची सर्वांत मोठी कमजोरी साधनांची नाही, साक्षीदाराची आहे. म्हणून तालमीकडून घ्यायचीच असेल तर ही एक गोष्ट घ्यावी: ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि मोजणारं कुणीतरी. तो भाऊ असो, शेजारीण असो, की सोसायटीच्या गच्चीवर जमणारी चार माणसं. मराठीत ‘तालीम’ हा शब्द जागेलाही आहे आणि सरावालाही. जागा नसेल तरी सराव चार जणांत उभा करता येतो.

जगाला एकच सल्ला लागू पडतो असं मी म्हणत नाही. सांधे दुखणाऱ्याने, हृदयविकार असलेल्याने, बाळंतिणीने वैद्यकीय सल्ल्यानेच सुरुवात करावी. ज्याला लोखंडाची गोडी आहे त्याने ते खुशाल उचलावं. ताण ओळखण्याचा आणि खंड न पाडण्याचा नियम तिथेही तोच आहे. माझं भांडण त्या दाराशी आहे, जे ‘साधनं नाहीत, पैसे नाहीत, जनुकं नाहीत’ असं सांगून माणसाला आत येऊच देत नाही. आपल्याकडे जुन्या घरांतून मुलांच्या कमरेला करदोटा बांधत. तो वाढत्या अंगाबरोबर बदलायचा आणि अंग वाढायचं थांबलं की तोच वर्षानुवर्षं पुरायचा. आजही एक साधा दोरा घ्यावा, बेंबीवरून फिरवून गाठ मारावी आणि ती गाठ आषाढात, आश्विनात, माघात, वैशाखात तपासावी. सोबत वहीत जोराची पायरी लिहावी. दोरा तसाच आणि पायरी वर चढलेली, एवढं चारही वेळा दिसलं तर ‘जोर-बैठकांनी अंग भरत नाही’ या वाक्याला याहून वेगळं उत्तर द्यावं लागणार नाही.